तुकड्यांची फटफटी

मेहकरहून सिंदखेडराजाच्या दिशेने निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं. लोणारचं सरोवर पाहायला येणाऱ्यांना हे गाव ठाऊक असतं ते फार तर चहापुरतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाच्या फाट्यावर जे दिसतं तेच इथेही दिसतं. पंक्चर काढणारा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा, पेरणीयंत्राचे फण सरळ करून देणारा, लेथवर बुश कातणारा. हंगामाच्या तोंडावर या दुकानांतून उडणाऱ्या ठिणग्या रात्री उशिरापर्यंत दिसतात. सोयाबीन आणि कपाशीच्या या मुलखात शेतकऱ्याचं निम्मं नशीब पावसाच्या हाती असतं आणि उरलेल्यातलं बरंचसं या वेल्डिंगवाल्यांच्या.

माझी धाकटी बहीण याच भागात दिली आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकलेला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी मेहकरहून येताना त्याच्या पल्सरपुढे रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे रात्रीच्या रस्त्यावर वाघापेक्षा तिचीच भीती जास्त. भाच्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं, ते दीड-दोन महिन्यांत जुळलं. गाडीचं मात्र तोंडच फुटलं. पुढचे दोन्ही शॉकप वाकले, हेडलाइटचा चुरा झाला, टाकीला खोल पोचा पडला. बहिणीने गाडी गोठ्यात ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि जाहीर केलं, "ही गाडी आता या घरातून बाहेर निघणार नाही."

पण विशीतला मुलगा आणि त्याची गाडी यांच्यामध्ये ताडपत्री किती दिवस टिकणार?

दिवाळीला मी गेलो तेव्हा गोठ्यात बल्ब लागलेला होता. एका बाजूला गाय रवंथ करत होती, दुसऱ्या बाजूला गाडीचा सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. भिंतीवर कोळशाने काढलेलं एक चित्र होतं. मागून शेपूट उडवलेली, पुढून खांदे रुंद केलेली, हल्ला करायला दबा धरून बसल्यासारखी दिसणारी मोटरसायकल. "स्ट्रीटफायटर, मामा," भाचा म्हणाला. "पुरी गाडी कुठी खराब झाली? फक्त तोंड फुटलं. तोंड दुसरं लावतो."

बहीण दारात उभी होती. ती मला एवढंच म्हणाली, "दादा, तूच समजाव त्याले."

मी समजवायला बसलो आणि पुढच्या दहा महिन्यांत मीच बरंच काही समजून घेतलं.

पडलेल्या गाड्यांचा वंश

'स्ट्रीटफायटर' हा शब्द ऐकला की घरच्यांच्या डोळ्यांपुढे मारामारी उभी राहते. प्रत्यक्षात या गाड्यांचा जन्म भाच्याच्या गाडीसारखाच झाला, अपघातातून. १९८०च्या दशकात जपानी कंपन्यांनी शर्यतीच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या वेगवान मोटरसायकली रस्त्यावर आणल्या. त्यांना पुढून मागपर्यंत प्लॅस्टिकचा अंगरखा असे. गाडी एकदा घसरली की इंजिन आणि चेसी ठीक राहत, पण तो अंगरखा फुटे. नवा घ्यायचा तर खिसा रिकामा होई. ब्रिटन आणि जर्मनीतल्या तरुणांनी यावर साधा तोडगा काढला. फुटलेलं प्लॅस्टिक परत लावायचंच नाही. खाली वाकून धरायच्या हँडलच्या जागी सरळ, रुंद हँडल लावायचं. पुढे दोन उघडे दिवे. मागचा भाग कापून आखूड करायचा. एका गाडीचा चिमटा, दुसरीचे शॉकप, तिसरीचं चाक. गरिबीतून निघालेल्या या रूपाची पुढे फॅशन झाली.

गंमत अशी की कंपन्यांनीही मग हीच वाट धरली. इटलीच्या डुकाटी कंपनीने १९९२ साली 'मॉन्स्टर' नावाची गाडी दाखवली आणि १९९३पासून ती विकायला आणली. मिगेल गालुझी या डिझायनरने तिच्यासाठी फारसं नवं काही घडवलं नाही. चेसी कंपनीच्याच ८५१-८८८ या मालिकेतल्या गाड्यांवरून घेतलेली, इंजिन ९०० सुपरस्पोर्टचं. घरातल्याच भांड्यांत नवा स्वयंपाक! त्या उघड्यावाघड्या गाडीने डुकाटीला कित्येक वर्षं हात दिला. ब्रिटनच्या ट्रायम्फने १९९४ साली 'स्पीड ट्रिपल' काढली आणि १९९७च्या आवृत्तीत तिला दोन उघडे गोल दिवे दिले. मालकांनी पाडलेल्या आणि गॅरेजमध्ये जोडलेल्या गाड्यांचं ते सरळसरळ अनुकरण होतं.

हा प्रवाह आपल्या दारापर्यंत आला तो पुण्याजवळच्या चाकणमार्गे. बजाज ऑटोने २००१ साली पल्सर बाजारात आणली आणि खेड्यापाड्यातल्या पोरांच्या मनातलं मोटरसायकलचं चित्रच बदललं. २००७ साली कंपनीने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. २०१२च्या जानेवारीत चाकणला तयार झालेली 'ड्यूक २००' भारतात विक्रीला आली. प्लॅस्टिकचा अंगरखा नाही, सरळ हँडल, आखूड शेपूट. युरोपातल्या पोरांनी भंगारातून जे रूप काढलं होतं तेच आता कारखान्यातून, हमीपत्रासह, मिळू लागलं. सुलतानपूरच्या गोठ्यातल्या भिंतीवर कोळशाने काढलेलं चित्र आलं होतं ते असा जगाला वळसा घालून.

तशी जोडतोडीची परंपरा आपल्याकडेही कमी नाही. एके काळी उत्तरेतल्या मिस्त्रींनी बुलेटच्या चेसीत डिझेलची छोटी इंजिनं बसवली, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. पुढे एनफिल्ड कंपनीनेच 'टॉरस' ही डिझेल बुलेट काढली. तिच्यात ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं ३२५ सीसीचं इंजिन होतं. धाव बेताची, धूर आणि थरथर भरपूर, पण ॲव्हरेज असं की मालक अजून आठवण काढतात. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९०च्या दशकात बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा आस आणि औतं जोडली. दुष्काळात बैल पोसणं अशक्य झालेल्या शेतकऱ्यासाठी तो फटफटीचा बैल होता. 'बुलेट सांती' या नावाने तो ओळखला गेला आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या मदतीने त्याला अमेरिकेतलं पेटंटही मिळालं.

म्हणजे आमचा भाचा एकटा वेडा नव्हता. त्याच्या मागे मोठी दिंडी होती.

मुंडी कापायची नाही

जुने भाग मिळवण्यासाठी भाचा आधी पूर्वीच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेला. अपघातात मागून चेपलेल्या एका ड्यूकचे पुढचे शॉकप शाबूत होते. उलटे शॉकप म्हणतात त्यांना. साध्या गाडीत जाड नळी खाली आणि बारीक दांडी वर असते, इथे ते उलट. बाहेरून जाडजूड दिसतात आणि ब्रेक दाबताना कमी वाकतात. ड्यूकच्या या शॉकपच्या नळ्या ४३ मिलिमीटरच्या. सोबत चाक, डिस्क आणि दोन्ही 'टी', म्हणजे शॉकपना वर आणि खाली धरून ठेवणारे ते दोन तुकडे.

मी त्याला एकच अट घातली होती. कच्च्या चिठ्ठीवर काही घ्यायचं नाही. भंगारात येणारा प्रत्येक सुटा भाग अपघाताच्याच गाडीचा असतो असं नाही. काही भाग रात्रीतून चोरलेल्या गाडीचेही असतात. स्वस्तात मिळालेल्या शॉकपमागे कुणाच्या तरी घरचं रडणं असू शकतं. भाच्याने पक्कं बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत घेतली. त्यासाठी त्याला हजारभर रुपये जास्त मोजावे लागले. त्या कागदाची घडी आजही बहिणीच्या पोथीच्या पिशवीत आहे.

माल घरी आला आणि पहिली अडचण उभी राहिली. खालच्या 'टी'मधून एक उभी दांडी वर जाते. ती चेसीच्या पुढच्या तोंडातल्या नळीत, वर-खाली दोन बॉलरेसच्या मध्ये, फिरते. हँडल वळतं ते हिच्यावर. ड्यूकची दांडी आणि पल्सरची नळी यांची लांबी-जाडी जुळत नव्हती. भाच्याच्या डोक्यात सोपा उपाय आला. पल्सरचं तोंड कापायचं आणि ड्यूकच्या चेसीचं तोंड तिथे वेल्डिंग करायचं.

तो हे घेऊन फाट्यावरच्या लेथवाल्या मिस्त्रींकडे गेला. साठी ओलांडलेले, सदऱ्याच्या खिशात स्क्रू गेज, कानामागे खडू. त्यांनी सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "बाबू, मुंडी कापाची नाई. दांडी बदलवू, बुश बदलवू, मुंडी नाई."

भाचा वाद घालायला लागला. वेल्डिंग तर ट्रॉलीचंही करता, ती पाच टन ऊस वाहते. मिस्त्रींनी त्याला दुकानातली एक तुटलेली ट्रॉलीची जोडणी दाखवली. वेल्डिंगचा थर शाबूत होता, पत्रा त्याच्या कडेला, अर्ध्या सेंटिमीटरवर फाटला होता. लोखंड तुटतं ते अनेकदा जोडाच्या जागी नव्हे, तर जोडाच्या शेजारी, जिथे उष्णतेने त्याचा स्वभाव बदललेला असतो. ट्रॉलीचा पत्रा जाड, ट्रॉली तुटली तर ऊस रस्त्यावर पडतो. मोटरसायकलच्या चेसीची नळी पातळ. ब्रेक दाबला की सगळा भार त्या मुंडीच्या जोडावर येतो, आणि तो सुटला तर रस्त्यावर पडतो तो माणूस. "मंग ट्रॉली कशी तुटली ते पाहाले तूही नाई राहणार," मिस्त्री म्हणाले.

मुंडीचं आणखी एक महत्त्व होतं. चेसी नंबर कोरलेला असतो तो तिथेच. मुंडी कापली की कायद्याच्या लेखी ती गाडीच उरत नाही.

मग दांडी घडली. भाचा बाजारातून एक साधी सळई घेऊन आला होता. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली, "हे गजाचं लोखंड आहे, घराच्या कामाचं." दांडीसाठी ईएन-२४ जातीचं पोलाद आणलं. शाफ्ट आणि आस यांसाठी वापरतात ते. दोन दिवस ती लेथवर फिरत राहिली. जिथे ती 'टी'मध्ये घट्ट बसायची तिथलं माप केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने ठेवायचं होतं. सैल झाली तर चालताना सुटणार, फार घट्ट झाली तर 'टी' तडकणार. शेवटी 'टी' भट्टीजवळ तापवून फुगवली, दांडी बर्फात ठेवून आकसवली आणि एका दाबात बसवली. दोन्ही पुन्हा एका तापमानाला आल्या तेव्हा त्यांना वेगळं करणं कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. भाचा मला फोनवर म्हणाला, "मामा, आयटीआयमध्ये दोन वर्षं 'फिट'ची व्याख्या पाठ केली. आज डोळ्यांनी पाहिली."

अशा एकेका भागाची कथा सांगत बसलो तर पुरवणी पुरायची नाही. मोठ्या मॉडेलचा चिमटा मागे बसवला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना नवे बुश कातावे लागले. रुंद टायर लावल्यावर चेन त्याला घासू लागली. मग मिस्त्रींनी गवंड्यासारखी दोरी ताणली. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना लावून पुढच्या चाकापर्यंत. दोन्ही चाकं एका रेषेत आणि दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत येईपर्यंत तीन वेळा बुश घासले. जाड शॉकपमुळे हँडल पूर्ण वळलं की ते टाकीवर आदळत होतं. अशा वेळी बोटं हँडल आणि टाकीच्या मध्ये सापडतात. त्यासाठी चेसीवर नव्हे, खालच्या 'टी'वर नवा अडसर बसवला. पुढची डिस्क मोठी, म्हणून तिच्याबरोबरचाच मास्टर सिलिंडर शोधून आणला. नाहीतर ब्रेकचा दांडा एक तर दगडासारखा लागतो, नाही तर लोण्यासारखा. सायलेन्सर मात्र मूळचाच राहिला. ती बहिणीची अट होती. "गाडी काय करायची ती करा. गल्लीतलं लेकरू झोपेतून उठलं तर मी ऐकणार नाही." कर्णकर्कश सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी त्यांच्यावरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. ती पाहताना मला माझ्या बहिणीची आठवण होते.

भिरभिरलेलं हँडल

सोयाबीन निघाल्यावर शेताकडच्या पांदणीवर पहिली चाचणी झाली. हेल्मेट, जुनं जाड जाकीट, हातमोजे. मी, मिस्त्री आणि गावातली पंधरा-वीस पोरं धुऱ्यावर उभी. बहीण आली नाही.

सावकाश गेली तेव्हा गाडी लोण्यासारखी गेली. परतताना भाच्याने वेग थोडा वाढवला आणि आमच्या डोळ्यांदेखत हँडल डावी-उजवीकडे भिरभिरायला लागलं. त्याने घाबरून ब्रेक दाबला नाही, नुसती गॅसची मूठ सोडली, म्हणून वाचला. गाडी थांबली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

चूक कुठे होती ते समजायला बाजारहाटाची ढकलगाडी आठवावी. तिची छोटी चाकं धरणाऱ्या खिळ्याच्या थोडी मागे राहतात. म्हणून ती ओढाल त्या दिशेला आपोआप सरळ होतात. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचंही तेच. हँडलची दांडी तिरपी असते. ती तशीच खाली जमिनीपर्यंत वाढवली असं समजा. तिची रेषा जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या मागे चाक जमिनीला टेकतं. हे अंतर साधारण चार बोटांचं असतं आणि तेच गाडीला सरळ ठेवतं. हात सोडून सायकल चालवणारी पोरं या चार बोटांच्या जिवावर उड्या मारत असतात.

भाच्याने गाडी दबा धरल्यासारखी दिसावी म्हणून मागचे शॉकप लांब लावले होते. मागची बाजू उचलली की दांडी उभी होते. हिशेब मी नंतर कागदावर मांडला. दोन चाकांमधलं अंतर सुमारे साडेतेराशे मिलिमीटर. मागे फक्त पंचवीस मिलिमीटर, म्हणजे एक इंच उचललं तर दांडी एक अंशाने उभी होते आणि ती चार बोटं सहा मिलिमीटरने आखडतात. भाच्याने दोन इंच उचललं होतं. शिवाय पुढचे शॉकप मूळ शॉकपपेक्षा वेगळ्या लांबीचे. भिंतीवरचं चित्र सुंदर होतं, पण चित्राला रस्त्यावर धावायचं नसतं.

मिस्त्रींनी काही सुनावलं नाही. फक्त म्हणाले, "मागचे जुने शॉकप लाव." ते लावले. पुन्हा चाचणी झाली. हँडल स्थिर राहिलं. भाच्याने दोन वेळा जोरात ब्रेक दाबून पाहिला, गाडी रेषेत थांबली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गाडी थोडी कमी आक्रमक दिसत होती आणि खूप जास्त शहाणी झाली होती.

कागदावरची गाडी

घरी आल्यावर बहिणीने जेवायला वाढलं. भाच्याने अंगणात गाडी लावली होती. वाढता वाढता ती म्हणाली, "चांगली केली. पण मले एक सांग. उद्या एखाद्याच्या पोराला तुझ्या गाडीची धडक लागली तर कागदावर काय दाखवशील?"

ताट पुढे तसंच राहिलं. या प्रश्नाचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कायदा वाचला. मोटर वाहन कायदा, १९८८. कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. त्याच जातीचं इंजिन बदलण्यासारखे परवानगीचे बदल असतील तर ते चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावे लागतात. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हा नियम आणखी ठाम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल असेल तर भरपाईच्या वेळी वाद ठरलेला.

कायदा कुणाच्या मुळावर उठलेला आहे असं मला वाटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या आजीला, शाळेतल्या मुलीला माझ्या भाच्याच्या वेल्डिंगवर भरवसा ठेवायला कुणी विचारलेलं नाही. नवी गाडी विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये तिची कसून परीक्षा होते. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कित्येक गाड्यांचे ब्रेक, दिवे, धूर तपासले असतील. ही परीक्षा दिल्याशिवाय रस्त्यावर येणं चुकीचंच.

प्रश्न वेगळा आहे. ती परीक्षा द्यायची ज्याची तयारी आहे त्याच्यासाठी दार कुठे आहे? ज्या जर्मनीत या गाड्यांची लाट आली तिथे बदललेला भाग टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेच्या अभियंत्याला दाखवायचा, तो पास झाला की गाडीच्या कागदावर तशी नोंद होते. नापास झाला तर काढून टाकायचा. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकट्यादुकट्या मोटरसायकलीची स्वतंत्र तपासणी करून तिला नोंदणी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडची व्यवस्था मुख्यतः हजारोंनी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. लेथवर एकच गाडी घडवणाऱ्याला तिच्यात शिरायला वाट नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट अनेकांना आठवत असेल. त्यांनी आपल्या मुलासाठी भंगारातल्या भागांतून, साठेक हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या ती थांबवली जाईल, हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२च्या जानेवारीत ती लोहारांच्या दारात आली. गोष्ट गोड आहे. पण प्रत्येक लोहाराच्या दारात बोलेरो येत नाही. बाकीच्यांच्या हाताचं काय करायचं, हा प्रश्न त्या गोड शेवटामागे तसाच उभा राहतो.

सुलतानपूरजवळच्या याच पट्ट्यातून समृद्धी महामार्ग गेला. २०२२च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि २०२५च्या जूनमध्ये तो पूर्ण झाला. त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या गाडीलाही. भाचा हसत म्हणाला, "मामा, तिथे तर पास झाली असती तरी जाता आलं नसतं."

खंडेनवमी

मी परत निघालो तेव्हा त्याने काही ठरवलं नव्हतं. पंधरा दिवसांनी फोन आला. त्याने स्वतःच्या हाताने गाडी उतरवली होती. पल्सरचे नवे शॉकप आणि हेडलाइट दुकानातून विकत आणून लावले होते. मूळ चिमटा, मूळ चाक. मागचा कापलेला भाग मूळ मापाचा नवा आणून बसवला. गाडी पुन्हा कागदावरच्यासारखी झाली. त्या गाडीवर बसून तो पहिल्यांदा आईला घेऊन मेहकरच्या बाजाराला गेला. ती मागे बसली, हे सांगताना त्याचा आवाज थोडा बदलला होता.

दहा महिने आणि बरेच पैसे पाण्यात गेले, असं शेजारी म्हणतात. मला तसं वाटत नाही. मिस्त्रींनी आता त्याला हाताशी घेतलंय. पेरणीयंत्रांच्या दांड्यांचं काम तोच करतो. गेल्या हंगामात ट्रॉल्यांच्या जोडणीखाली त्याने तिरप्या पट्ट्या लावायला सुरुवात केली, म्हणजे जोडाशेजारचा पत्रा फाटत नाही. ट्रॉली कशी तुटते ते त्याने पाहिलं होतं.

मागच्या खंडेनवमीला मी मुद्दाम तिकडे होतो. फाट्यावरच्या दुकानात लेथ पुसून स्वच्छ केला होता. पाटावर हातोडे, पाने, छिन्न्या, स्क्रू गेज मांडले होते. झेंडूची फुलं, हळद-कुंकू. त्या हत्यारांच्या मधोमध एक 'टी' ठेवली होती, त्यात घट्ट बसलेली दांडी. तिच्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता. कुणीतरी तिला नियमित तेल लावत असावं.

मी भाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी नाई लावत, मामा. मिस्त्री लावतात."